पक्का काळा

साखर पेठेत, टॉवेलच्या कारखान्याच्या गच्चीवर
आमचा क्लास भरतो, पहाटे पाचला.
खालचे माग सुरू व्हायच्या आत इची, नी, सान उरकायचं;
एकदा खटका पडला
की राजमोगली सरांचे फक्त ओठ हलताना दिसतात
आणि आम्ही धोट्याच्या तालावर ठोसे मारतो.

मी तीनदा नापास.
पहिल्यांदा श्वासावर.
दुसऱ्यांदा डाव्या टाचेवर,
वळताना ती म्हणे अर्धा इंच उचलली.
तिसऱ्यांदा सरांनी कारणच दिलं नाही.
"पुढच्या मार्चला बघू," म्हणाले,
घामेजल्या बनियनवर सदरा चढवला
आणि विम्याचे हप्ते गोळा करायला सायकलवरून निघून गेले.

तपकिरी पट्ट्याचं हे पाचवं वर्ष.

जुळे सोलापुरातली माझी मावसबहीण श्रुतिका
अठरा महिन्यांत ब्लॅक बेल्ट.
थंडगार हॉल, निळ्या मॅट,
पट्टा, फोटो, सर्टिफिकेट, जेवण धरून साडेनऊ हजार, तीन हप्त्यांत.
सर्टिफिकेटवर घरात कुणालाच न वाचता येणारी अक्षरं
आणि एक लालभडक शिक्का.
मावशीनं गल्लीभर शेंगापोळ्या वाटल्या.
"आमची श्रुती काळी झाली!"
लेकीला जन्मभर गोरं व्हायचं क्रीम फासणारी मावशी
हे ओरडून सांगत होती.

नाना अक्कलकोट रोडला डाय हाऊसमध्ये.
त्यांची नखं आज कुठल्या रंगाची, ते ऑर्डरवर ठरतं.
रात्री कडक भाकरी मोडत तेलुगूत म्हणाले,
"काळ्याचं काय घेऊन बसलीस?
ज्या लॉटचा गुलाबी फसतो, हिरव्यावर डाग येतात,
तो आम्ही काळ्यात बुडवतो.
काळा सगळ्यांची पापं पोटात घेतो."
मग पाणी प्यायले.
"पक्का काळा निराळा. तो नुसता बघून कळत नाही.
पांढरी चिंधी ओली करायची
आणि घासून बघायचं."

जिल्ह्याच्या स्पर्धेत चिठ्ठी निघाली: मी आणि श्रुतिका.
मला वाटलं, चला, मीच चिंधी.

पाच-दोन.
पाच तिचे.
माझी टाच जमिनीला चिकटलेली, अगदी सर सांगतात तशी.
तिची कुठल्याच नियमात बसत नव्हती.
तिची लाथ माझ्या कानाशी आली,
थांबली,
लागलीही नाही नीट. पंचांनी झेंडा वर केला.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले ती भांडायलाच.
पाचव्या दिवशी पाणी आलेलं, सर पिंप भरत होते.
"मग खरं कुठलं, सर?"
त्यांनी नळाकडे बघतच सांगितलं:

एकोणनव्वद साल. सोलापूर स्टेशन.
कुरियन मास्तरांनी बदली मागून घेतली होती गावाकडं.
आम्ही पाचजण पोचवायला गेलेलो.
गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून
एक पुडकं फेकलं. पाच काळे पट्टे.
"परीक्षा?" मी विचारलं.
"सिग्नल पडला होता," सर म्हणाले.

पिंप भरून वाहायला लागलं.
थेंबासाठी आम्हाला ओरडणारा माणूस,
नळ बंद करायला उठला नाही.
मीच केला.

त्यांचा पट्टा दोरीवर वाळत होता,
कडांना सूत सुटलेलं.
खिशात रुमाल होता माझ्या, पांढरा, घामानं ओलाच.
हात खिशापर्यंत गेला.
मग मी पिंपावर झाकण ठेवलं आणि घरी आले.

काल मावशीचा फोन.
श्रुतीला म्हणे तुमच्या गच्चीवर यायचंय,
टाचेचं काहीतरी शिकायचंय.
कुठला पट्टा बांधून येऊ, विचारतेय.
मी सरांना विचारलं.
खाली माग सुरू झाले होते,
मला फक्त ओठ दिसले.
बहुतेक म्हणाले,
"आधी पाचला उठून तर दाखव म्हणावं."