पात्र

कुडाळच्या दुकानातल्या मुलानं माहितीपत्रक दिलं.
त्यावर बर्फातलं एक घर, दाराशी कोट घातलेली बाई.
"हीट पंप, मावशी. हवेतली ऊब ओढतो, पाण्यात सोडतो."
म्हटलं, ऊब आमच्याकडे पडून आहे रे,
वैशाखात पाठीवरून ओघळते, वाळत घातलेलं सुकू देत नाही,
आजवर कुणी तिचा एक पैसा दिला नाही.
तो हसला. "आधी घेऊन टाका. सबसिडी मागाहून येतेच."

'येतेच'मधल्या च-वर माझा विश्वास नाही.
त्याच च-वर आमच्या ह्यांनी होडीचं इंजिन घेतलं
आणि पावतीची तारीख अर्जाच्या आधीची निघाली,
नऊ दिवसांनी.
ते नऊ दिवस आम्ही चार वर्षं फेडले.

म्हणून पैसे पदराला बांधूनच वेंगुर्ल्याला गेले.
वीज कार्यालय, खिडकी तीन, गिरप मॅडम.
"इचारलंस ता बरा केलंस," त्या म्हणाल्या,
"मशीन भिंतीक लागल्यार मगे येतत सगळी.
मगे मी काय करू? भिंत पुसू?"

कागदावर ठळक अक्षरांत: पात्रता.
मला पात्र म्हणजे न्हाणीतला हंडा आठवतो,
बाहेरून काजळीचा, आतून चिंचेनं घासलेला.
त्याला कधी कुणी विचारलं नाही, तू बसतोस का ह्यात?
पाणी ओतलं, की झालं.

ग्राहकाचं नाव: वासुदेव सगुण कुबल.
माझे सासरे. जाऊन अकरा वर्षं.
दर महिन्याला बिल त्यांना येतं,
आणि त्यांची थकबाकी शून्य.
मॅडमनी दोनदा वाचलं. माणूस अगदी नियमात बसत होता,
फक्त नव्हता.

"आणि फाटकार पाटी कसली?"
दोन खोल्या. घरगुती जेवण. गरम पाणी मिळेल.
"म्हणजे ह्या घर काय धंदो?"
मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.
एप्रिलात धंदा असतो, मॅडम. जुलैत घर.
त्यांनी ह्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही,
पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह केलं.

घरी येऊन हमीपत्र चष्मा लावून वाचलं.
शेवटच्या ओळीत खारा वारा होता:
समुद्र फार जवळ असेल तर गंजाची जबाबदारी आमची नाही.
फार म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.
सुरूच्या शेवटच्या झाडापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत
मी चालत मोजलं. दोनशे बारा पावलं.
भरतीला थोडी कमी.

नाव बदलायला नणंदेची सही लागते.
फोन केला. ती विरारला, कुकरची शिट्टी ऐकू आली.
मग बराच वेळ काहीच नाही.
"म्हणजे आता बाबांच्या नावानं काहीच येणार नाही ना, वहिनी?"
मला बर्फातल्या बाईचा कोट आठवला, का कोण जाणे.
म्हटलं, जुनी बिलं मी टाकत नाही.
आठवड्यानं सही आली, सोबत
तिच्याकडे राहिलेला त्यांचा एक पासपोर्ट फोटो.

ह्या महिन्यात बिल माझ्या नावानं आलं.
एकोणतीस वर्षं ह्या घरात दिवे लावतेय,
कागदानं आज पाहिलं.
पण लिहिलंय: शेवती वासुदेव कुबल.
नवऱ्याच्या जागी सासरे, ते एक.
आणि माझा अनुस्वार
खिडकी तीनवर कुठंतरी पडून राहिलाय.

दुकानातला मुलगा संध्याकाळी फोन करतो,
"मावशी, ऑफर सोमवारपर्यंतच."
पुन्हा च.
म्हटलं, सोमवार येऊ दे की, त्याला कुणी अडवलंय.
आणि हंड्याखाली दोन सोडणं ढकलली.
धूर डोळ्यांत गेला, पाणी सुं करू लागलं,
आणि मांडीवर पाट घेऊन मी अर्ज लिहायला बसले:
महोदय,
एका टिंबाबाबत.