दहा मिलिग्रॅम

तीस वर्षं मी विक्रोळीपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत
पारड्यांच्या बुडाखाली बोट घालून
चिकटवलेलं मेण काढलं, चिंच काढली,
एकदा तर राणीछाप रुपया.
वजनमापे निरीक्षक.
दुकानदार चहा मागवायचे.
मी घ्यायचो नाही. बहुतेकदा.

आता डॉक्टर पारुळेकर बाईंच्या चिठ्ठीवर
दहा मिलिग्रॅम.
रोज रात्री एक.
कधीपर्यंत, विचारलं
तर बाई नुसत्या हसल्या.
इतकं हलकं काही माझ्या काट्यावर कधी आलं नव्हतं.
भाव मात्र, पंधरा गोळ्या, तीनशे बारा.

हसमुखभाई छेडा म्हणाले, दहा टक्के, तुम्हाला म्हणून.
मागच्या बाईलाही म्हणाले, तुम्हाला म्हणून.

भाच्याच्या मोबाईलवर बावीस टक्के,
पण आधी हजाराची खरेदी करा.
वाचले एकशे सदतीस,
घरात आला गुडघ्याचा पट्टा.
माझे गुडघे ठणठणीत आहेत.

प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊकवाला म्हणाला, अख्खा खोका उचला काका.
मी खोक्यावरची शेवटची तारीख वाचली
आणि मनातल्या मनात माझी.
दोन्हींचा मेळ बसेना.
रिकाम्या हाताने परत.

मग एका रात्री
मंदाकिनीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन
गोळीचे दोन तुकडे केले.
एक मोठा, एक लहान, थोडा भुगा.
लहान तुकडा आज, मोठा उद्या.
ती दारात उभी होती.
"काटा मारताय?" म्हणाली.
"स्वतःलाच?"

तीस वर्षांत मला असं कोणी पकडलं नव्हतं.

टागोर नगरात, टपाल कचेरीच्या पलीकडे,
जेनेरिकचं दुकान आहे. पाटी साधी, पंखा आवाज करणारा.
रांगेत माझ्या पुढे
टोपी कपाळावर ओढलेले
हसमुखभाई छेडा.
आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.
रांग दोनदा सरकली.
मग ते, समोर बघतच,
"औषध तेच असतं साहेब.
पण डॉक्टरला विचारून बदला. मी विचारलं."
त्यांनी पिशवीत टाकली ती पट्टी
मी लांबूनही ओळखली:
दहा मिलिग्रॅम.
चाळीस वर्षं औषधं विकून
त्यांच्याही रक्तात तेच तूप.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, चालेल की,
तीन महिन्यांनी रक्त तपासू.
पंधरा गोळ्या, एकसष्ट रुपये.

घरी आल्यावर माळ्यावरचा पितळी काटा उतरवला.
एका पारड्यात जुनी गोळी, दुसऱ्यात नवी.
काटा हलला नाही.
हलणार नव्हताच,
तो मिठाला, गुळाला, सुक्या बोंबलाला बनवलेला.
तरी मी बराच वेळ बघत बसलो,
सवयीने पारड्याखाली बोटही फिरवलं.

मंदाकिनीने पाणी आणून ठेवलं.
अख्खी गिळली.

इसबगोल अजून छेडांकडूनच आणतो.
छापील किमतीला.
ते सूट काढायला लागतात,
मी म्हणतो, राहू द्या.