तिकीट खिडकी, भुईकोट

रविवारी दहा वाजायच्या आत रांग लागते.
मोठ्यांना तिकीट, पोरांना फुकट,
म्हणून पोरांचं वय माझ्या खिडकीपाशी घटतं.
"चौदा चालू आहे," आई म्हणते,
आणि तिच्या खांद्यावरून एक मिसरूड माझ्याकडे बघून हसतं.
मी मान हलवतो. जाऊ दे आत.
ह्या तटानं याहून मोठ्या थापा ऐकल्यात.

"काका, आत बघण्यासारखं काय आहे?"
भिंत.
"अजून?"
भिंतीवरून तळं.
"अजून काय तर?"
तळ्यावरून भिंत. पण त्याला बाहेर जावं लागतं,
आणि ते फुकट आहे.

मागानं माझे अर्धे कान नेले, सव्वीस वर्षांत.
उरलेल्या अर्ध्यात दुपारचा एक आवाज नेमका येतो:
बुरुजाच्या सावलीत चादर अंथरून
कुणीतरी कडक भाकरी मोडतं.
कट्.
आणि तट तो आवाज परत करतो.
एवढीच काय ती आता इथली तोफ.
मग शेंगाचटणी, कागदात बांधलेला कांदा,
बाटलीतलं ताक, आणि एक आजोबा
ज्यांना तोफ जमत नाही, ते ताकात बुडवून खातात.

खंदकाच्या गवतात पोरं क्रिकेट खेळतात.
नियम त्यांचाच: चेंडू भिंतीपलीकडे गेला की औट.
सिक्सर नाही, औट.
सुलतानांनाही हेच सांगायला हवं होतं कुणीतरी.
कधी यांचा किल्ला, कधी त्यांचा,
हद्द इकडून तिकडे, तिकडून इकडे,
शेवटी थकून आमच्या तोंडात येऊन बसली:
घरात तेलुगू, मंडईत कन्नड, शाळेत मराठी,
शेजारच्या सलीमचाचांशी उर्दू,
आणि शिवी जी आधी आठवेल ती.

पद्मजानं फोटो पाठवलाय.
धाकट्या भावाची पोरगी, विलायतेत नर्स,
पार वर, जिथं हिवाळ्यात
चारलाच दिवस शटर ओढतो.
"पेद्दनाना, इथंही एक भिंत आहे. रोमन लोकांची."
मी फोन लांब धरून बघितलं.
गुडघ्याएवढी. वर मेंढी उभी.
रंगीत जाकिटातली म्हातारी माणसं
काठ्या टेकत तिच्या कडेकडेनं चालतात, दिवसभर,
कुठं पोचायचं नसताना.
चालायचे पैसे नाहीत म्हणे, गाडी लावायचे आहेत.
शेवटी चहा आणि केक.
"हसू नका," तिनं लिहिलं,
"तिथं एका कपाटात शिपायाला आलेली चिठ्ठी आहे,
लाकडाच्या पातळ चिपेवर, दोन हजार वर्षांची जवळजवळ.
काय लिहिलंय सांगू?
मोजे पाठवलेत. आणि आतल्या चड्ड्या, दोन."

मी हसलो नाही.
एवढं मोठं राज्य, एवढी लांब भिंत,
आणि शेवटी सगळं अडलं होतं
कुणाचे तरी पाय गार पडतात इथं.

सोमवारी पोस्टात गेलो.
"आत काय?"
चादर. लाल आणि हिरवी, मोराची,
काठाला माझ्याच जुन्या मागावरची गाठ.
"वजनाचे पैसे चादरीपेक्षा जास्त होतील की ओ."
होऊ देत.
"तिकडं हीटर असतात बे मामा, कशाला पाठवलालाव?"
नाईट असते तिची, म्हणालो.
तेवढ्यानं त्याला कळलं नाही.
मलाही सांगता आलं नाही की
जो रात्री जागतो तो पहाऱ्यावरच असतो,
मग भिंत गुडघ्याएवढी का असेना.

आता शिट्टी मारायची वेळ झाली.
तळ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेत,
देवळाच्या पायरीवर कुणी माशांना चुरमुरे टाकतंय.
चादरी झटकल्या जातात, भुगा चिमण्यांना.
चौदा चालू असलेला तो मिसरूडवाला
खंदकात उभा राहून वर ओरडतोय,
औट झालेला चेंडू मागतोय.

पलीकडून, रस्त्यावरून,
कुणीतरी तो परत फेकतं.
कोण, ते दिसत नाही.