भरती असली की

दोन रात्रींचा तर प्रश्न होता.
नेरूळच्या कॉलेजात तोंडी परीक्षा, मी बाह्य परीक्षक,
भत्ता रीतसर, पावती जोडायची.

घोडबंदरची अनघा म्हणाली, ये की इकडेच,
एकोणिसाव्या मजल्यावर वारा काय असतो बघ.
तिच्या वाऱ्यापासून नेरूळपर्यंत दीड तास,
आणि रात्री तिच्या नवऱ्याचं संपता न संपणारं बोलणं.
नको.

उरलं कोपरखैरणं.
मामाचं घर, माथाडींच्या वस्तीतलं.
तीस वर्षं मिरचीची पोती वाहिलेली त्याची पाठ
मी गेले की फरशीवर येणार.
पलंग एकच, आणि तो पाहुण्याचा.
कितीही नाही म्हणा, चादर बदललेली असते,
टेबलफॅन माझ्याकडं वळलेला,
आणि एप्रिलच्या त्या रात्रीत
बाकी सगळे झोपल्यासारखे पडून असतात,
मला अवघड वाटू नये म्हणून.

हॉटेलला फोन केला.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
सी फेसिंग देऊ का मॅडम? चारशे जास्ती.
म्हटलं, समुद्र आहे तिथं?
जरा थांबला. आवाजावरून नवा असावा, खोटं जमत नव्हतं.
खाडी आहे मॅडम.
भरती असली की समुद्रच.

मामीला सांगितलं, कॉलेजनंच खोली दिलीय.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
बरं, म्हणाली हौसामामी.
आमच्यात असलं एक ‘बरं’ आठ-आठ वर्षं टिकतं,
लग्नापर्यंत, कधी तेराव्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खालून फोन.
मॅडम, एक आजी आल्यात.
वर सोडत नसलात तर इथंच बसते म्हणतात.

दोन बस बदलून आली होती.
चपला दाराबाहेर काढल्या, अगदी एका रेषेत.
डब्यात भाकरी, मटकी, खर्डा वेगळा बांधलेला.
मी जेवत होते तेवढ्यात तिनं खोली तपासली.
नळ सोडून बंद केला.
उशीचा वास घेतला.
रोजचे किती घेतात, विचारलं.
कॉलेज देतं, मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

मग टेकली पलंगाच्या कडेला.
काय गार गं.
जरा पाठ टेकू का?

माझं अर्धं आयुष्य त्या घरी जाण्यायेण्यात गेलं,
पण हौसामामीला झोपलेली मी पाहिली नव्हती.
सगळ्यांच्या मागून निजायची, सगळ्यांच्या आधी उठलेली असायची.
इथं ती आडवी पसरली,
तोंड किंचित उघडं,
मूठ तेवढी पिशवीच्या बंदावर, कुणी न्यायला आलं तर असावी म्हणून.

नऊला मामाचा फोन. निघाली का?
झोपलीय, म्हटलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, असू दे.
डोक्यावरला दिवा तेवढा मालव,
उजेडात जाग येते तिला.

मी खुर्चीवर.
खिडकीत ओहोटी, चारशे रुपयांचा चिखल
आणि त्यात लांबवर फ्लेमिंगो.
रस्त्याच्या दिव्यांत गुलाबी की पांढरे, ठरेना.
कधीतरी माझाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा पलंग असा आवरलेला
की कुणी निजलंच नव्हतं त्याच्यावर.
डबा धुऊन पालथा.
मामी पडद्याआड उभी, फक्त पाय दिसत होते.
पाणी आलंय की गं हे एवढं, म्हणाली.
उठवायचं नाहीस?
कोपरखैरण्याला बत्तीस वर्षं झाली तिला.

खाली पावती करताना मुलगा चाचरला.
एक व्यक्ती वाढली मॅडम, तीनशे जास्ती.
कॉलेजचा क्लार्क हे मंजूर करणार नव्हता.
मामी बाहेर रिक्षाशी मीटरवरून भांडत होती.
बरं, मी म्हणाले.