मी

फिन्ली ओट्यावर बसून कागदात बघत विचारतो,
“कसोटीचा एखादा प्रसंग सांगा.”
एल्स्पेथ बटाटे सोलत म्हणते, “कसला प्रसंग?
एकोणीस वर्षं हॅडॉक कापले.
पीटरहेडमध्ये कुणाला काय घडतं?”

इस्पितळात, स्वागतकक्षातली जागा. मंगळवारी, सव्वादहा.
कारखाना मार्चमध्येच बंद पडला,
हातांचा वास तेवढा अजून कामावर जातो.

केटल उकळून गार होते.
मग ती सहज, हवापाणी सांगावं तसं:
“शीतगृहाचं दार अडकलं होतं एकदा.
आत रासा. लिथुआनियाची नवी पोर, इंग्रजी चार शब्द.
आम्ही दाराला तोंड लावून बोलत राहिलो
चाळीस मिनिटं. तिच्याकडून आकडे म्हणवून घेतले,
तिच्याच भाषेत. थांबली की दार बडवायचं.”

पेन्सिल थांबते.
“आम्ही म्हणजे कोण कोण?”

सालीची लांब पट्टी तुटते.
“बाकीच्या मेकॅनिकला शोधायला धावलेल्या.”
“मग ‘मी’ म्हणायचं.”
“इतकं मी-मी बरं दिसतं का?”

फिन्ली काही बोलत नाही.
“मी,” ती म्हणते. खाकरते. “मी.”
दुकानात बूट घालून
दोन पावलं चालून बघावं तशी.

मंगळवारी बसच्या काचेवर वाफ धरते.
ओठ हलताहेत: मी दार सोडलं नाही.
मी मोजायला लावलं.
शेजारचा माणूस जरा सरकून बसतो.

“सेप्तिनी,” ती त्याला सांगते,
“म्हणजे सात.”