मीठ बंद

बांबोळीला कार्डिऑलॉजीच्या दारात नर्स विचारते,
घरात आधी कुणाला होता का?
सगुण आत गेलाय, एकोणचाळीस वर्षांचा,
त्याच्या चपला माझ्या पिशवीत.
म्हणून उत्तरं मी देते.

आजोबा, झिलू. हृदयाचं माहीत नाही.
आगरवाड्याच्या मिठागरात
सकाळी मानस उघडायला गेले,
दुपारी बांधाला टेकून बसलेले सापडले,
हातात फळी तशीच.
तेव्हा असल्या मरणाला नाव नसायचं,
नुसता वार लक्षात राहायचा. शुक्रवार.

पुढे?

पुढे दोन मुलगे, आणि फीचे पैसे एकापुरते.
चिठ्ठ्याबिठ्ठ्या कुणी टाकल्या नाहीत.
थोरल्याचे पाय आधीच मिठाने चिरलेले,
मग धाकट्याला चपला घेतल्या, एवढंच.

धाकटा माझा बाप.
म्हापशाच्या बँकेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज,
पर्वरीला फ्लॅट, मला विज्ञान शाखा,
रक्तदाबाची गोळी रात्री नऊच्या ठोक्याला
आणि डॉक्टर ओळखीचा.
थोरल्याने तेवढीच वर्षं मीठ ओढलं.
दर मे महिन्यात त्याची एक गोण आमच्या जिन्यात यायची,
जाड, करडं मीठ.
आई ते तोरं खारवायला काढायची.
जेवणात पाकिटातलं.

हे सगळं नर्सला कशाला सांगू.
रक्त एकच आहे, एवढं म्हणते.
ती लिहिते: चुलत.

गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत
मला पट्ट्यावर पळवलं.
बेचाळिशीत तिशीचं हृदय आहे, म्हणाले.
मी महिनाभर सांगत सुटले होते
ज्याला त्याला,
जसं काही माझं मीच कमावलेलं.

सगुण तेव्हा रात्री कसिनोच्या पार्किंगमध्ये
लोकांच्या गाड्या लावत होता,
पहाटे आगरात.
छातीत जळजळायचं. पित्त असेल, म्हणाला.
सहा महिने पित्तच म्हणत राहिला,
कारण पित्ताला सुट्टी लागत नाही.

तो बाहेर येतो. हातात कागद,
पहिली ओळ मोठ्या अक्षरात: मीठ बंद.
दोनदा वाचतो
आणि असा हसतो की बाकावरचे सगळे वळून बघतात.
‘हे बाबाला तू सांग,’ म्हणतो,
‘माझ्याने नाही व्हायचं.’

मी चपला काढून त्याच्या पायांपाशी ठेवते,
सरळ करायला वाकते.
टाचांच्या भेगांत पांढरं काहीतरी अजून आहे.

‘राहू दे गो,’ तो म्हणतो
आणि पाय मागे घेतो.