पोचा

टामालेत, आबोआबो बाजाराच्या मागे,
प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गात
आम्ही सतरा मोठी माणसं
लहानग्यांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो,
मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेपाच ते सात.
हरमटानचा धुळकट वारा खिडकीतून आत शिरून
फळ्यावरचे हक्क पुसट करायचा.

एसिल्फीसर समुद्राकडचे.
आमच्या दागबानीत ‘ग्राहक’ला शब्द शोधताना
त्यांची तारांबळ उडायची.
“विकत घेणारा,” कुणीतरी सुचवलं.
“फसणारा,” मागच्या बाकावरून यिदाना म्हणाला,
मोबाइल दुरुस्त करणारा.
सर हसले नाहीत.
दोन्ही शब्द त्यांनी वहीत उतरवून घेतले.

पहिल्या आठवड्यात शिकलो : पावती मागायची.
मागताना खाली बघायचं नाही.
जोड्या लावून सराव केला, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक.
शिवणकाम करणारी समाता तीनदा म्हणाली,
“रागावणार नसाल तर, जमत असेल तर, एक पावती…”
चौथ्यांदा नुसतंच,
“पावती.”
वर्गाने टाळ्या वाजवल्या
आणि ती बाकाखाली वाकून
पायातच असलेली चप्पल शोधत राहिली.

मग गृहपाठ : घरातलं एक माप घेऊन या.

मी आईचं ओलोंका नेलं.
मका मोजायचा पत्र्याचा डबा,
ज्याने वीस वर्षं आमच्या शाळेच्या फिया भरल्या.
सरांनी सरकारी शिक्क्याचं माप काठोकाठ भरलं,
आणि आईच्या डब्यात ओतायला लागले.
डबा भरला.
वर रास झाली, दाणे टेबलावर सांडले,
आणि शिक्क्याच्या मापात
अजून दोन ओंजळी मका होता.

सरांनी डबा रिकामा करून उलटा धरला.
बूड आत ठोकलेलं.
पोचा म्हणावा, तर फारच निगुतीने पाडलेला.

माझ्या ओळखीचा होता तो.
लहानपणी डबा पालथा घालून
त्या खळग्यात पाणी ओतायचे मी
कोंबडीच्या पिल्लांसाठी.
मला वाटायचं,
डब्यांना बेंबी असतेच.

घरी आई शेंगा फोडत बसली होती.
म्हटलं, “आई, मापात पाप आहे.”
“आणि पोत्यात?” वर न बघता ती म्हणाली.
“ठोकवाल्याच्या पोत्यांच्या तळाशी निघालेले दगड
त्या कोपऱ्यात रचलेत. मोज.
त्यांचा धडा कितवा?”

मोजले. एकेचाळीस.
कोणता दगड कुठल्या दिवसाचा, ते तिला आठवेना,
आणि सर तर म्हणायचे,
तारखेवाचून तक्रार म्हणजे रडगाणं.

रात्री दिवा मालवल्यावर ती अंधारात म्हणाली,
“शिकलीस ते बरं झालं.
पण तुला शाळेत घातलं कुणी?
त्या दोन ओंजळींनीच ना?”

मला उत्तर आलं नाही.
शुक्रवारी दगड परातीत घालून,
डोक्यावर घेऊन मी वर्गात गेले.
यिदानाने दार उघडून धरलं.
सरांनी कोरा अर्ज पुढे केला
आणि म्हणाले, “आजच्या तारखेपासून सुरू करू.”

सहा दिवसांनी बाजार भरला.
आईने तोच डबा काढला, तोच पोचा.
मका मोजला, गिऱ्हाइकाच्या टोपलीत ओतला,
आणि माझ्याकडे न बघता
वर दोन ओंजळी घातल्या.
पुढच्यालाही.
त्याच्या पुढच्यालाही.

चौथी आली ती म्हातारी सानातू,
आईच्या आधीपासून या बाजाराला येणारी.
तिने त्या दोन ओंजळींकडे पाहिलं,
मग आईच्या तोंडाकडे.
टोपली खाली ठेवली,
पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढले
आणि पुन्हा एकदा
सावकाश मोजायला घेतले.